बिननावाच्या लाद्या

माझ्या हातची भिंत पाहायला लोक थांबले की मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू? गवंडी फार नम्र झाला की समजावं, कुठंतरी त्याचा ओळंबा चुकलाय आणि तो झाकतोय. आमच्या गावच्या शाळेचं व्यायामगृह डब्ल्यूपीएच्या, म्हणजे बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेच्या, कामात उभं राहिलं, तेव्हा कामावर एकवीस माणसं होती. त्यातली निम्मी फावड्याला टेकून उभी असतात, असं गावातले दुकानदार म्हणायचे. म्हणोत बापडे. दर्शनी भिंत मात्र मी एकट्यानं बांधली. मी होबार्ट टॅकेट, वय एकेचाळीस. दोन वर्षं बेकार होतो आणि मग एकदम सरकारी गवंडी झालो.

आमच्या ओझार्कच्या डोंगरात तांबूस-पिवळ्या दगडाच्या सपाट लाद्या मिळतात. त्या आम्ही विटांसारख्या आडव्या रचत नाही. उभ्या करून, तोंड बाहेर काढून गोधडीच्या ठिगळांसारख्या भिंतीवर बसवतो आणि सांध्यांतून सिमेंटची जाड रेघ ओढतो. लोक त्याला जिराफ म्हणतात. मी जिराफ पाहिलेला नाही. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनीही पाहिला नसणार, पण नाव चिकटलं. या कामात सगळी मदार दगडावर असते. लादी सपाट, पातळ आणि मोठी हवी, आणि तशी शंभरात एखादी मिळते.

आता माझ्या आईबद्दल. मी तीन वर्षांचा असताना ती गेली. वडील मला घेऊन ओक्लाहोमात निघून गेले आणि मी परत आलो तो तिशी उलटल्यावर, वडिलांना तिकडंच पुरून. ते तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत. तिचा फोटो नाही, तिच्या हातचं शिवलेलं काही नाही. टर्की ओढ्यापलीकडच्या टेकडीवर तिची कबर आहे, एवढंच मला ठाऊक होतं. कोणती, ते जगात एकाच माणसाला सांगता आलं असतं, आणि ती म्हणजे तिची थोरली बहीण, आमची टेनी मावशी.

तुम्ही म्हणाल, नाव वाचायचं की. पण आमच्याकडे गरिबाच्या कबरीवर नाव नसतं. अक्षरं कोरणारा माणूस लांबच्या गावात, आणि त्याला बोलवायची ऐपत कुणाची? ओढ्यात उतरून एक बरी लादी शोधायची, आणायची आणि डोक्याशी उभी पुरायची. ज्याचं माणूस, त्याला ठाऊक. नाव दगडावर नसतं, घरच्यांच्या तोंडी असतं. टेकडीवर असे तीसेक दगड होते म्हणे. एकटा जाऊन मी करणार काय होतो? टोपी काढून दुसऱ्याच कुणाच्या आईपुढं रडलो असतो.

मावशीला घेऊन जायचं तर ओढ्यावर पूल नव्हता. मी परत येण्याआधीच, सत्तावीसच्या पुरात तो वाहून गेला आणि पलीकडची घरं एकेक करून उठली. कुणी ओक्लाहोमात गेलं, कुणी कॅलिफोर्नियात. मावशी सत्तरीला आलेली, गुडघे कामातून गेलेले. दर वर्षी मे महिन्यातला शेवटचा रविवार आला की ती ओढ्याच्या अलीकडं उभी राहायची. त्या रविवारी आमच्याकडे सगळे आपापल्या कबरी साफ करून फुलांनी सजवतात आणि मग तिथंच गवतावर बसून जेवतात. मावशी पलीकडं बघायची आणि परत यायची.

आणि मग त्या हिवाळ्यात डब्ल्यूपीएनं ओढ्यावर नवा काँक्रीटचा पूल बांधला. मावशीनं दुसऱ्या दिवसापासून कागदाची फुलं करायला घेतली. वितळलेल्या मेणात बुडवून वाळवली की ती पावसातही टिकतात.

"चाळीस फुलं कशाला गं?" मी विचारलं.

"दहा वर्षांची बाकी आहे," ती म्हणाली. "आणि तुझी तर आख्खीच बाकी आहे. तू गप बस आणि ते मेण ढवळ."

"कबर सापडेल ना तुला?"

"होबी, मिंटीला मी तिथं पुरलंय. मला स्वतःचं घर एखाद वेळेस सापडणार नाही."

आर्मिंटा हे माझ्या आईचं नाव. मावशी तिला मिंटी म्हणायची.

फेब्रुवारीत शाळेच्या कामावर दगड कमी पडला. शेतकरी आपल्या शेतातले दगड फुकट द्यायचे, सरकार फक्त वाहून आणायचं. पण शेतातला दगड म्हणजे धोंडा, गोलमटोल, इमारतीच्या पायात भरायच्या लायकीचा. मी रोज कुरकुरत होतो आणि आमचा फोरमन स्टब्स रोज ऐकून घेत होता. एका सकाळी क्लीटची खेचरगाडी आली. क्लीट आमच्याच कामावरचा, पंचविशीतला, गाणी म्हणत गाडी हाकणारा. त्यानं मागची फळी पाडली आणि मी बघतच राहिलो.

लाद्याच लाद्या होत्या. चार बोटं जाड, दोन्ही तोंडं सपाट, कडा पाण्यानं घासलेल्या.

"कुठून उचललास रे?"

"पलीकडची जमीन कुण्या डंकलनं घेतलीय, कॅन्सस सिटीकडचा आहे. कुरण करतोय. म्हणाला, न्या सगळे."

मी एकेक लादी उभी करून बघत गेलो. प्रत्येकीवर मध्ये एक आडवी ओळ होती. वरचा भाग करडा, शेवाळलेला. खालचा गडद, मातीचा. शेतात आडव्या पडलेल्या दगडावर अशी ओळ येत नाही. आडवा दगड एका अंगानं शेवाळतो आणि दुसऱ्या अंगानं ओला राहतो. ही ओळ मला दिसली, हे मी आधीच सांगून ठेवतो. दिसली आणि मी म्हणालो, "स्टब्स, हे वेचणाऱ्याला नजर होती."

"कौतुक पुरे," स्टब्स म्हणाला. "उन्हाळ्याआधी भिंत पुरी व्हायला हवी."

त्यातली सगळ्यात देखणी लादी मी दारासाठी राखली. तिच्या एका तोंडावर अंगठा मावेल एवढा खळगा होता, म्हणून ते तोंड बाहेर चालणार नव्हतं. मग मला एक कल्पना सुचली. या दगडाला थर असतात. कडेनं छिन्नी फिरवत, हलक्या हातानं ठोकत गेलं की लादी जाडीतून उकलते. अर्धा दिवस लागला. उकलली तेव्हा आतून मधासारखा रंग निघाला, त्यात तांबड्या रेघा, दोन्ही भागांवर सारख्याच. उघडलेली बाजू बाहेर घेऊन एक भाग दाराच्या डावीकडं आणि एक उजवीकडं बसवला. खळगा आतल्या अंगाला गेला. बसवताना पोकळ राहू नये म्हणून त्यात मी अंगठ्यानं सिमेंटचा माल दाबून भरला.

लोक बघायला येऊ लागले. शाळेच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, ही जोडी म्हणजे अख्ख्या इमारतीचं कपाळ आहे. मी मान डोलावली. मला पटलंच होतं ते.

मे महिन्याचा शेवटचा रविवार आला. पुढच्या शनिवारी शाळेत मोठा समारंभ होता, सरकारी माणसं येणार होती. पण मला त्याचं काही नव्हतं. मी सकाळी दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि मावशीला क्लीटच्या गाडीत पुढं बसवलं. मी मागच्या फळीवर बसलो, मांडीवर फुलांची टोपली घेऊन. शेजारी डब्यात तळलेली कोंबडी आणि मक्याची भाकरी होती. एकेचाळिसाव्या वर्षी आईला भेटायला निघालो होतो.

पूल ओलांडला. मावशी उजवीकडं बघत होती.

"क्लीट, पुढं वाट फुटेल बघ. झाडीत आहे, दिसणार नाही चटकन. तिथं हळू घे."

तिचं बोलणं संपायच्या आत खेचरं आपोआप वळली. लगाम ढिला होता.

"अगो बाई," मावशी हसली. "यांना कुणी सांगितलं?"

"पाठ झालीय त्यांना ही वाट, मावशी," क्लीट म्हणाला. अख्खा गाव तिला मावशीच म्हणतो. "फेब्रुवारीत लाद्या आणि धोंडे मिळून अकरा खेपा झाल्या इथून. शाळेचा दगड इथलाच की."

माझ्या हातातल्या टोपलीची कड मोडली, ते मला नंतर कळलं.

"इथला म्हणजे कुठला?" मी विचारलं.

"वरचाच. डंकलच्या माणसांनी वाटेच्या कडेला रास घालून ठेवली होती. मी काही वर गेलो नाही. इथंच भरायचो आणि फिरायचो." मग त्यानं मागं वळून माझं तोंड पाहिलं. "काय झालं, होबार्टदादा?"

ती आडवी ओळ माझ्या डोळ्यांपुढं आली. वर करडी, खाली काळी. असा दगड जमिनीत अर्धा उभा पुरलेला असतो, आणि आमच्या डोंगरात दगड उभा एकाच कारणासाठी पुरतात. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. सगळ्यांना असतं. मी टेकडी चढेपर्यंत मनातल्या मनात देवाला सांगत होतो की ते दुसरे दगड असू देत, कुठल्याही दुसऱ्या जागेचे असू देत.

वर कुरण होतं. नांगरून, दगडगोटे वेचून, गवत पेरलेलं. कोवळं हिरवं गवत पार पलीकडच्या कुंपणापर्यंत गेलेलं. झाड नाही, झुडूप नाही, दगड नाही.

मावशी उतरली, टोपली घेतली आणि दहा पावलं चालून थांबली.

"चुकलो आपण," ती म्हणाली. "ही जागा नव्हे."

क्लीट खाली बघत होता. मावशीनं डावीकडं ओढ्याचं वळण पाहिलं, उजवीकडं डोंगराची खाच पाहिली आणि पुन्हा गवताकडं पाहिलं.

"इथं देवदार होता. मोठा. जागा तर हीच आहे." मग तिनं आम्हाला विचारलं, अगदी साध्या आवाजात, दुकानात मिठाचा भाव विचारावा तशी. "दगड कुठायत?"

मीच बोललो, कारण क्लीटला बोलायला लावणं पाप होतं. "शाळेच्या भिंतीत आहेत, मावशी."

तिला कळलं नसावं. ती म्हणाली, "सगळे?"

"सगळे."

"मिंटीचा पण?"

"मिंटीचा कसा होता, मला ठाऊक नाही."

"का ठाऊक नाही, सोपा आहे ओळखायला. तुझा बाप लूथर दोन दिवस त्या थंड ओढ्यात उभा राहून शोधत होता. मनासारखा मिळेपर्यंत घरी आला नाही. अंगठ्याचा खळगा होता त्यावर. लूथर म्हणायचा, देवानं अंगठा उमटवलाय, दुसरं नाव कशाला हवं?"

मी गवतावर बसलो. माझ्या उजव्या अंगठ्याला तो खळगा अजून आठवत होता. किती खोल होता, कडा किती गुळगुळीत होत्या, माल दाबल्यावर बोट कुठं टेकलं, सगळं.

"मावशी, तो दगड मी फोडला."

"कुणी?"

"मी. मधून उकलला. दोन केले. दाराच्या दोन बाजूंना लावले. लोक बघायला येतात."

ती माझ्यासमोर उभी होती. तिच्या हातात टोपली तशीच होती.

"तू गवंडी ना, होबी?"

"हो."

"पुरलेला दगड तुला ओळखता आला नाही?"

इथं खोटं बोलता आलं असतं. नाही आला, म्हटलं असतं तर तिनं मानलंही असतं. "ओळखता आला," मी म्हणालो. "त्यावरची ओळ दिसली होती. पण कुठून आला, ते नीट विचारलं नाही."

"का?"

"दगड फार चांगले होते."

मावशी वळली आणि गाडीकडं चालू लागली. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतला असं लोक म्हणतात. मी तर तो घासूनपुसून, मापानं बसवला होता.

आम्ही न जेवता परत फिरलो. वाटेत डंकलचं घर लागलं. मी उतरून गेलो. त्याला मारायचं असं काहीतरी डोक्यात होतं. तो भला माणूस निघाला. पांढराफटक पडला, खुर्ची पुढं केली, आणि मग म्हणाला, "एकावर तरी नाव होतं का हो? मला कळणार कसं?" तो परका होता, त्याला ही सबब होती. माझ्याकडं तीही नव्हती.

शाळेपाशी स्टब्स होता. शनिवारच्या समारंभासाठी पाटी कुठं लावायची ते मापत होता. मी अवजारांची पेटी आणली, छिन्नी काढली आणि दाराच्या डाव्या लादीच्या सांध्यावर पहिला घाव घातला.

"होबार्ट, प्यायलायस काय?" तो धावत आला. "सरकारी भिंत आहे ती. हात लावलास तर उद्यापासून कामावर नाहीस."

"बरं."

"बरं काय? अरे, अख्ख्या भिंतीत तुझ्या आवडीचं एवढंच तर..."

"माझ्या आईच्या कबरीचा दगड आहे हा," मी म्हणालो आणि ठोकत राहिलो. "यातले तीस दगड कबरींचे आहेत. तू उभा आहेस तिथून मोजता येतील."

स्टब्सनं भिंतीकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत, एकेका लादीकडं, जणू त्या वळून त्याच्याकडं बघणार होत्या. मग तो दोन पावलं मागं सरला आणि हातातली पट्टी खिशात घालायला गेला तर ती खाली पडली. ती त्यानं उचलली नाही. थोड्या वेळानं त्यानं एक पहार आणली आणि उजव्या लादीपाशी उभा राहिला.

"हळू," मी म्हणालो. "पातळ आहे."

दोन्ही निघाल्या. डावीच्या पाठीला वाळलेला माल चिकटला होता. मी तो छिन्नीच्या टोकानं खरवडून काढला. खळगा उघडा झाला. मावशी गाडीतून उतरली, तिनं त्यात आपला अंगठा ठेवला आणि ठेवूनच उभी राहिली. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मग मीही रडलो, त्या भिंतीसमोर, स्टब्सच्या देखत.

"चल," ती म्हणाली. "हिला घरी नेऊ या."

आम्ही पुन्हा टेकडीवर गेलो. ऊन कलायला लागलं होतं. दोन्ही लाद्या मी एकावर एक ठेवून उचलल्या, पुन्हा एक झाल्यासारख्या, आणि छातीशी धरल्या. क्लीटनं कुदळ घेतली. डंकलही आला होता. तो कुंपणापाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"देवदारापासून उगवतीला अकरा पावलं," मावशी म्हणाली आणि इकडंतिकडं बघू लागली. "देवदार कुठं होता?"

डंकलनं हात वर केला. "तिकडं, ताई. बहुतेक. खोड आम्ही सुरुंगानं उडवलं, मग नांगर फिरला."

मावशी तिकडं गेली. उभी राहिली. उगवतीकडं तोंड करून अकरा पावलं मोजली आणि थांबली. "इथं," म्हणाली. मी ओझं घेऊन पोचलो. क्लीटनं कुदळ उचलली.

"थांब." ती डोंगराच्या खाचेकडं बघत होती. "तेव्हा माझी पावलं मोठी होती. अडतीस वर्षं झाली." ती आणखी थोडं पुढं गेली. "इथं असेल." मग डावीकडं सरकली. "इथं होल्टांच्या तान्ह्या बाळाचा, बेबी होल्टचा दगड होता, त्याच्या पलीकडं मिंटी. का अलीकडं? होबी, बेबी होल्टचा दगड कुठला?"

"भिंतीत आहे, मावशी. कोणता, ते मला ठाऊक नाही."

तिनं मान हलवली. खाली वाकून गवत हातानं बाजूला केलं, माती पाहिली आणि उठली. पुन्हा चालू लागली, हळूहळू, पायाखालची जमीन चाचपत. फुलांची टोपली तिच्या कोपरावर लटकत होती. लाद्या छातीवरून घसरू लागल्या की मी त्या गुडघ्यानं वर ढकलत होतो. "दादा, खाली ठेव ना जरा," क्लीट म्हणाला. पण कुठं ठेवू? कुठंही ठेवलं तरी कुणाच्या ना कुणाच्या अंगावर ठेवल्यासारखं होत होतं. मावशी थांबली की मी थांबत होतो. ती चालू लागली की मी तिच्या मागून चालत होतो.